काठीमागचा पाय

अख्खं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "हवालदार." कुणी लग्नपत्रिकेवर प्रेमानं 'सुभेदार' छापलं, तर ती पत्रिका घेऊन त्या घरी परत जायचे आणि यजमानासमोर पेनानं खोडायचे. "पलटणीनं जे दिलं न्हाई ते तुमी कशाला देताय?" एवढं बोलून चहासुद्धा न घेता निघायचे. आमच्याकडचा फौजी माणूस सहसा एक पायरी वर चढूनच गावात उतरतो. हा एकच, खाली उतरायला भांडत होता. लोक हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुभेदारच म्हणायचे.

आम्ही खेळणाऱ्या पोरी त्यांना आबा म्हणायचो.

आबा पलटणीच्या हॉकी संघात गोलकीपर होते. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातनंच झालं. निवृत्त होऊन आले ते गावच्या दूध डेअरीत चिकटले. सकाळी सहाला दूध, संध्याकाळी साडेसहाला दूध, फॅट बघायची, कॅन भरायचे, फरशी धुवायची. म्हैस रजा घेत नाही तर आपण कशी घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं तीस वर्षांत हा माणूस कराडच्या पुढं गेला नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला अक्षता टाकायला गेले आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत परत, संध्याकाळच्या दुधाला हजर. बायकोनं महिनाभर अबोला धरला होता म्हणतात.

दोन दुधांच्या मधला वेळ मात्र आमचा. गायरानाच्या कडेला मुरमाचं मैदान, साडेचार ते सहा. मैदानात पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक पोरीनं दहा दगड वेचायचे आणि तळहातावर घेऊन आबांना दाखवायचे. त्यात फसवाफसवी चालायची नाही. "ह्यो खडा हाय. दगड आण," म्हणून परत पाठवायचे. असं रोज, वर्षानुवर्षं. त्या दगडांचा गोलाच्या बाजूला ढीग झाला, ढिगाचा कट्टा झाला, आणि एका निवडणुकीच्या तोंडावर ग्रामपंचायतीनं त्यावर सिमेंट थापून 'प्रेक्षक गॅलरी' अशी पाटी लावली. आबा त्या गॅलरीवर कधी बसले नाहीत. गोलाच्या मागं दुधाच्या पिशव्यांचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून बसायचे.

आणि बसून चेंडूकडं बघायचेच नाहीत. हे मला कळायला दोन वर्षं लागली. मला वाटायचं म्हाताऱ्याला दिसत नाही. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "चेंडूकडं समदं गाव बघतंय. मी एकानं न्हाई बघितलं तर चेंडू काय रुसतोय व्हय?"

"मग बघता काय?"

"जिच्याकडनं चेंडू गेला तिला बघतो. तिची तीन पावलं. पयल्या तीन पावलांत मागं वळली तर ती टिमात. कंबरंवर हात ठेवला, अंपायरकडं बघितलं, न्हाईतर कट्ट्यावर बसलेल्या आयकडं बघितलं, तर न्हाई."

बास, एवढंच. ना स्टॉपवॉच, ना वही. आणि या तीन पावलांवर हा माणूस जिल्ह्याचा संघ निवड समितीच्या आधी सांगायचा. डेअरीच्या दारात एक काळा फळा होता. 'उद्या गुरांचे डॉक्टर येणार', 'पेंड आली आहे', असलं काहीबाही त्यावर असायचं. निवडीचे दिवस आले की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आबा खडूनं नावं लिहायचे. किटली घेऊन आलेली माणसं आधी नावं वाचायची, मग दूध घालायची. आठवड्यानं जाहीर होणारी यादी त्या कोपऱ्याशी ताडून बघितली जायची. कधीतरी एखादं नाव चुकावं म्हणून काहीजण देव पाण्यात घालून बसलेले असत. चुकायचं नाही.

एका वर्षी कारखान्याच्या एका संचालकांनी गाडी थेट डेअरीपुढं आणली. त्यांची भाची खेळत होती. म्हणाले, "हवालदार, पोरीचं नाव तेवढं फळ्यावर येऊ द्या की."

"लिवतो की. पर फळ्यावर लिवल्यानं टिमात जाती व्हय?"

"लिवा तर खरं. पोरगी खूश हुईल."

आबांनी खडू पुढं केला. "घ्या. तुमी लिवा."

संचालकांनीही लिहिलं, चांगलं ठळक. भाचीचं नाव संघात आलं नाही. आबांनी आपली नावं पुसली, पण ते एक नाव तसंच ठेवलं. "दुसऱ्याचं अक्षर मी कसं पुसू? ज्येनं लिवलं त्येनं पुसावं." पेंड आली, डॉक्टर आले, दिवाळीचा बोनस लागला, सगळं त्या नावाच्या कडेकडेनं लिहिलं गेलं. शेवटी संचालक एक दिवस स्वतः गाडीतनं उतरले आणि रुमालानं पुसून गेले.

आता माझं सांगते. सांगायला आजही जड जातं.

मी बचावात खेळायचे. मुरमावर बचाव करणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. चेंडू सरळ येईल तर शपथ. येता येता एखाद्या खड्याला लागून टुणकन उडतो आणि काठीवरनं निघून जातो. म्हणून आबांचा पहिला धडा असायचा, काठी जमिनीला टेकव आणि काठीच्या मागं डावा पाय लाव. "काठी चुकली तर पाय हाय. दाराला वरची कडी असली तरी खालची बी लावतो का न्हाई आपण?" हा धडा त्यांनी आमच्याकडनं इतक्या वेळा घोटून घेतला की झोपेत कुणी चेंडू ढकलला असता तरी माझा पाय काठीमागं गेला असता. हॉकीत चेंडू पायाला लागणं गुन्हा आहे, ते आबांना काय माहीत नव्हतं थोडंच? पण आमच्या भागात सगळीच मैदानं मुरमाची. चेंडू उडणार, पायाला लागणार. अंपायरही इथलेच. ते शिट्टी वाजवायचे नाहीत.

सतराव्या वर्षी माझी राज्याच्या निवडीसाठी शिफारस झाली. घरी सगळे हवेत. मी सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेले ती फळा वाचायलाच. कोपऱ्यात दोन नावं होती, दोन्ही पुढं खेळणाऱ्या पोरींची. माझं नव्हतं.

माझं डोकं लगेच फिरतं, तेव्हाही फिरायचं. मी आत जाऊन विचारलं, "आबा, माझं नाव?"

"न्हाई."

"माझी तीन पावलं बघितली नाहीत का?"

"बघितली. तू दोनातच वळतीस."

"मग?"

आबा हातातलं मापटं खाली ठेवून माझ्याकडं वळले. "पोरी, इथनं आघाडीला खेळणाऱ्या गेल्या, त्या टिकल्या. बचावातली एकबी टिकली न्हाई. का टिकत न्हाईत ते मला कळंना. कळलं असतं तर दुरुस्त केलं असतं. तू जा, जीव तोडून खेळ. पर खोटं नाव मी लिवणार न्हाई."

मी दूध न घालताच किटली घेऊन घरी आले आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

निवड शहरात होती, टर्फवर, म्हणजे नकली गवताच्या मैदानावर. हिरवंगार, पाणी मारलेलं, मी पहिल्यांदाच पाहत होते. चेंडू सरळ रेघेत यायचा आणि असा वेगात की बास. पहिल्या सामन्यात चार वेळा शिट्टी वाजली. चारही वेळा माझा पाय. दोन पेनल्टी कॉर्नर माझ्या पायानं दिले, त्यातला एक गोल झाला. तिसऱ्या दिवशी यादी लागली आणि मी एस.टी.नं परत आले. सगळ्यांना वाटलं नशीब. मला मात्र पक्कं कळलं होतं की मी भ्याले. मोठ्या मैदानावर माझे पाय लटपटले, म्हणून ते नको तिथं गेले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आबांशी वर्षभर बोलले नाही. पुढं बी.पी.एड. केलं, लग्न झालं, शेजारच्या गावातल्या शाळेत खेळाची शिक्षिका झाले. आणि पहिल्या दिवशी पोरींना काय शिकवलं? काठीमागं पाय.

याला पंचवीस वर्षं झाली. आता पोरींसाठीही पैसे घेऊन खेळायची लीग आली आहे, टीव्हीवर दिसते. आमच्या गावच्या सानिकाला, एकोणीस वर्षांच्या, उसाच्या शेतकऱ्याच्या पोरीला, त्यातल्या एका नव्या संघानं पुण्यात शिबिराला बोलावलं. शिबिरात चोवीस मुली. पहिल्या सामन्याच्या यादीत अठरा. सानिका बचावात खेळायची, आणि माझीच विद्यार्थिनी.

डेअरीत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. चोवीस पोरींची नावं, गावं, उंची सगळं लोकांना पाठ. फोनवर त्यांचे जुने सामने बघून दुधाच्या रांगेत निवड समिती बसायची.

"ती वडिशाची उंच पोरगी पक्की. तिला कोण हलवतंय!"

"झारखंडच्या दोगी पक्क्या. बचावात ऱ्हातात दोन जागा आणि पोरी पाच."

एक म्हातारी म्हशीचं दूध घालता घालता म्हणाली, "ती मणिपूरची बारकी घेत्यात बघा. मान कशी चिमणीवाणी फिरती तिची. आपल्या सानिकेला तिचंच भ्या हाय."

"आबा, तुमी सांगा की. लिवा फळ्यावर."

"पोरगी अजून टर्फावर बघितली न्हाई मी," आबा म्हणाले. "बघितल्याबिगार कसं लिवू?"

आणि बघायला निघाले! डेअरीत आता फॅटचं मशीन आलंय, संगणकावर एक मुलगी बसते. आबांकडं फक्त फरशी धुणं राहिलं होतं, तेही त्यांनी हट्टानं ठेवलेलं. सानिकाचे वडील म्हणाले, "आबा, मला त्यातलं काय कळतंय, तुमीच जावा." शाळेतर्फे मी. तीस वर्षांनी हा माणूस कराडच्या पुढं गेला, तो गाडीच्या काचेला नाक लावून.

पुण्याच्या टर्फपाशी आबांनी चपला काढल्या. वाकून हिरव्यावर हात फिरवला. "एकबी दगड न्हाई," म्हणाले. "मंग ह्यांच्या पोरी खेळायच्या आधी करत्यात काय?"

शिबिरातल्या मुलींचा सराव सामना सुरू झाला. आबा गोलाच्या मागं जाळीला टेकून उभे. सानिका छान खेळत होती, चेंडू गेला की दोन पावलांत वळत होती. पण शिट्टी वाजली. पाय. परत वाजली. पाय. तिसऱ्यांदा वाजली. पाय. पंचवीस वर्षांपूर्वीची मीच समोर खेळत होते. चौथ्या शिट्टीला सानिकानं रडवेली होऊन आमच्याकडं बघितलं. आबा तिच्याकडं बघत नव्हते. तिच्या डाव्या पायाकडं बघत होते.

मध्यंतरात ते माझ्याकडं आले. हातात कुणाची तरी काठी आणि एक चेंडू. "धर. आडव."

"आबा, मी? चुडीदार घालून? लोक बघतायत."

"आडव म्हणतो ना."

त्यांनी चेंडू हातानंच घरंगळत सोडला. ओल्या टर्फवर तो सरळ आला. मी वाकले, काठी लावली, आणि माझा डावा पाय आपसूक जाऊन काठीमागं बसला. मी ठरवलं नव्हतं. तो गेला. चेंडू काठीला लागून जरासा सरकला आणि बुटाला लागला.

"परत."

परत तेच.

तिसऱ्या वेळी मी मनाशी घोकलं की पाय न्यायचा नाही. तरी गेला.

आबा तिथंच, टर्फच्या कडेला, खाली बसले. मग म्हणाले, "हितं चेंडू उडतच न्हाई. पायाची गरजच न्हाई. पाय मी लावला." माझ्या बुटाकडं बोट करून म्हणाले, "गोलकीपरला पाय मोकळा असतोय. मी माजा पाय तुमा समद्या पोरींना लावून दिला. तुजं बी ह्यातच गेलं."

"आबा, मला वाटत होतं मी भ्याले."

"कोण म्हणलं?"

"कुणी नाही. मीच."

"न्हाई गं पोरी. तू भ्याली न्हवतीस. तुजा पाय माज्या शिकवण्यावर उभा हुता."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला राग आला. पंचवीस वर्षं! एवढ्या एका पायापायी! मग मी त्या माणसाकडं बघितलं. सत्तरी ओलांडलेला, ज्याच्या शब्दावर अख्खा तालुका संघ ओळखायचा, तो कुणी न विचारता, कुणाला न कळता, स्वतःचं आयुष्यभराचं शिकवणं तीन चेंडूंत तपासून चूक ठरवून मोकळा झाला होता. एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

सामना संपल्यावर ते थेट संघाच्या कोच मॅडमकडं गेले. बाई हरियाणाकडची, तरुण, हातात फाइल. आबांनी फौजी हिंदी काढली. "मॅडम, गलती लडकी की नहीं है. सिखानेवाले की है. सिखानेवाला मैं हूँ."

बाईंनी फाइल मिटली. बहुतेक त्यांच्याकडं आजवर सगळे पोरीला घ्या म्हणूनच आले असावेत. म्हणाल्या, "बाबाजी, छे दिन बाद आखरी ट्रायल है. तब तक घर ले जाओ, पैर निकाल दो. बाकी लडकी मुझे पसंद है."

"निकालेंगे," आबा म्हणाले आणि सलाम ठोकला.

पण काढायचा कुठं? मुरमावर पाय काढला तर चेंडू काठीवरनं उडून जातो, म्हणजे पाय परत येणार. जिल्ह्यात जवळपास टर्फ नाही. परतीच्या गाडीत आबा कराडचा पूल ओलांडताना एकदम म्हणाले, "डेअरी."

डेअरीच्या हॉलला शहाबादी फरशी आहे. तीस वर्षं रोज दोनदा घासून ती आरशासारखी झालेली. सकाळचं दूध गेलं की आबांनी फरशी धुतली आणि पाणी तसंच ठेवलं. क्रेट भिंतीला लावले. मी एका टोकानं चेंडू मारायचा, दुसऱ्या टोकाला सानिकानं अडवायचा. चेंडू पाण्यावरनं सरळ, खाली, सपकन जायचा. हुबेहूब टर्फ! मी शाळेतनं पाच दिवसांची रजा टाकली होती, मुख्याध्यापक फुरफुरत होते.

आधी आबांनी सानिकाच्या काठीमागं पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाय आला की पेला सांडायचा. दहा पेले सांडले. पाण्यानं पायाला काय फरक पडणार? पाय येतच राहिला. मग आबांनी पेला बाजूला सारला, मांडी घालून खाली बसले आणि काठीच्या मागं, जिथं तिचा पाय पडायचा तिथं, आपला डावा हात पालथा ठेवला.

"मार," मला म्हणाले.

"आबा, हे काय?"

"मार."

मी मारला. सानिकाचा बूट त्यांच्या बोटांवर पडला. "आई गं!" ती ओरडली, काठी टाकून लांब सरकली. मीही ओरडले, "बया बया, वेड लागलंय का तुम्हाला? या वयात बोटं मोडून घेता?"

"हात माजा हाय. तुमचं काय जातंय?" आबा शांतपणे हात झटकत म्हणाले. "बाई, तुजी पाच दिसाची रजा. त्यातला आर्धा दिस गेला. पोरी, रडू नगंस. ह्यो हात न्हाई, तुजी जागा हाय. तिच्यावर पाय देऊ नगंस. मार गं."

त्या दिवशी अकरा वेळा पाय पडला. मी मोजले, कारण प्रत्येक चेंडू मीच मारत होते. मी हळू मारला तर वरनं रागावायचे, "नेटानं मार, तिकडं कोण हळू मारणार हाय का?" संध्याकाळी बोटं सुजून वांग्यासारखी झाली. हळद लावून आले आणि दुसऱ्या दिवशी तोच हात परत फरशीवर. सानिका अडवताना रडत होती आणि रडत अडवत होती. दुसऱ्या दिवशी चार वेळा. तिसऱ्या दिवशी एकदाच, पण तो टाचेनं पडला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज मला पलीकडच्या टोकाला ऐकू आला. कराडच्या डॉक्टरांनी करंगळीला प्लास्टर घातलं आणि कसं झालं विचारलं. आबा म्हणाले, "डेअरीत."

चौथ्या दिवशी मी ठरवूनच गेले होते की आता बास, मी चेंडू मारणार नाही. जाते तर आबा फरशीवर बसलेले. डावा हात प्लास्टरात पोटाशी, आणि काठीच्या मागं उजवा हात ठेवलेला.

सानिकानं माझ्याकडं बघितलं. "मारा बाई," म्हणाली. ओठ घट्ट मिटलेले. त्या दिवशी मी हात दुखेपर्यंत मारले. एकदाही पाय पडला नाही. पाचव्या दिवशीही नाही. पाय आता काठीच्या मागं न जाता बाजूला उतरत होता, मोकळा, आणि ती चेंडू अडवून तिथल्या तिथं वळून पुढं निघत होती. मला वाटलं आता झालं.

"आता तू," आबा मला म्हणाले.

"मला कुठं खेळायचंय आता?"

"साळंत किती पोरी हायत तुज्याकडं?"

"चाळीस."

"मंग ये."

उजवा हात माझ्या काठीमागं आला. सुरकुतलेला, पाण्यानं भेगा पडलेला हात. सानिकानं चेंडू मारला. माझा पाय उचलला गेला आणि हवेतच राहिला. बगळ्यासारखी एका पायावर उभी होते मी, बेचाळीस वर्षांची बाई. चेंडू काठीला टक करून लागला आणि थांबला. मी तिथंच फरशीवर बसून घळाघळा रडले. लाज वाटली नाही.

सानिका ट्रायलला गेली. गाव फळ्याभोवती घुटमळत होतं. "आबा, लिवा की आता. आता तर बघितलंय तुमी." आबांनी खडू हातात घेतला नाही. "तीस वर्षं चुकीचं शिकवलेल्या माणसानं आता नावं सांगायची व्हय? तिचं ती खेळंल." मी बघितलं, त्या दिवशी त्यांनी फरशी दोनदाच्या ऐवजी चारदा धुतली, एका हातानं.

यादी आली ती सकाळच्या दुधाच्या वेळी, माझ्या फोनवर. मणिपूरच्या बारकीचं नाव होतं. ते आधी दिसलं आणि मला वाटलं, गेली आपली जागा. त्याच्या खाली, शेवटून दुसरं, सानिका. मी किंचाळले. कुणाची तरी किटली लवंडली. ती म्हातारी मला मिठी मारायला लागली. आबा कॅनपाशी उभे होते. "बचावात घेतलीय का?" त्यांनी विचारलं.

"बचावात, आबा. बचावात!"

त्यांनी मान हलवली आणि क्रेटवर बसले. डोळे पुसले का ते मला दिसलं नाही, पाठ होती माझ्याकडं.

पहिला सामना आम्ही डेअरीतच टीव्ही लावून बघितला. सानिका शेवटच्या भागात उतरली. आबा टीव्हीच्या इतक्या जवळ बसले होते की मागच्यांना दिसेना. तिच्या पायावर एकही शिट्टी वाजली नाही. सामना संपल्यावर आबांनी मागं वळून विचारलं, "कोण जिंकलं?" आमचा संघ हरला होता.

मला वाटलं इथं गोष्ट संपली. पण पुढच्या रविवारी आबा सकाळी माझ्या दारात. खिशात डेअरीच्या पावतीच्या मागं लिहिलेली नावं. तीस वर्षांत बचावात खेळलेल्या, पुढच्या निवडीला गेलेल्या आणि परत आलेल्या सगळ्या पोरी. कोण कुठं दिली, सासर कुठलं, सगळं शोधून काढलेलं. "येतीस का? काही घरात बायामाणसाबिगार बोलता येत न्हाई."

"काय बोलायचंय, आबा?"

"चूक माजी हुती ते."

आम्ही एस.टी.नं निघालो. कुंडलची जी होती ती हसायलाच लागली. "आबा, माजी पोरं कॉलेजला गेली, आता काय त्येचं!" चहा पाजला आणि जाताना पाया पडली. पलूसची घरी नव्हती. तिच्या दारात आबा दोन तास पायरीवर बसले, ती रानातनं येईपर्यंत.

विट्याचं घर मोठं होतं. नवरा दक्षिणेत कुठल्याशा शहरात सोनं गाळायच्या धंद्यात, ही सासूजवळ. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान. तिनं आबांना ओळखलं, पण ओळखल्यावर तिचा चेहरा कठोर झाला. खुर्ची दिली, आबा बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. मुरूम, टर्फ, गोलकीपरचा पाय. "तुजं नाव तवा आलं न्हाई, ते तुज्यामुळं न्हाई. मी शिकवलं त्येच्यामुळं. एवढंच सांगायला आलो हुतो."

ती ऐकत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती.

"म्हंजी मी भ्याले न्हवते?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"म्हंजी... मला खेळ येत हुता?"

"येत हुता."

ती एकदम आतल्या दाराकडं वळली आणि तोंडभर हाक मारली, "आवं आत्याबाई! जरा भायेर या. हे माजं मास्तर हायत. या की लवकर!" आतनं सासू पदर सावरत आली तशी तिनं आबांसमोर तिला आणून उभी केली. "सांगा आबा. ह्यास्नी बी सांगा."

आणि आबांनी, प्लास्टरातला हात पोटाशी धरून, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.